वाकलेला टाक

आमच्या भोरच्या घरात वडिलांचा एकच फोटो होता आणि त्यात वडील जवळजवळ नव्हतेच. वडील भोर संस्थानच्या कचेरीत कारकून होते, तिथल्या मंडळींचा तो फोटो. पुढे खुर्च्यांवर अंमलदार, गुडघ्यांवर हात ठेवून. मागे उभे कारकून. वडील शेवटच्या रांगेत आणि त्यांच्या पुढ्यात एका धिप्पाड माणसाची पगडी. आई पाहुण्यांना बोट लावून दाखवायची, "हा पगडीमागचा कान दिसतो ना, तो यांचा." पाहुणे माना डोलवायचे. मला लहानपणापासून त्या पगडीचा राग.

पुढे मी चळवळीत पडलो, पत्रकं लिहू लागलो. फोटो म्हणजे काय, याविषयी माझं मत तेव्हा पक्कं होतं. फोटो म्हणजे साक्षीदार. तो अंमलदाराला घाबरत नाही, जबानी फिरवत नाही, दसऱ्याला पोस्त मागत नाही. मग तो खुर्चीवाल्यांचाच का निघावा? एका पत्रकात मी लिहिलं होतं, "संस्थानात खुर्चीला फोटो आहे, खांद्याला नाही." मंडळींनी वाक्य उचलून धरलं. मीही दोन महिने त्या वाक्यावर खूष होतो. पासलीच्या एका म्हाताऱ्याने ते माझ्याच घशात परत घातलं. तो म्हातारा आमच्या डोंगरातला आहे याचा मला आज जो अभिमान वाटतो, तो मला झाकून ठेवायचा नाही. म्हणून हे लिहितो आहे.

खांदा म्हणजे वेठीचा खांदा. अंमलदार फिरतीवर निघाला, एखादा पाहुणा शिकारीला आला, की गावची माणसं बोलवायची आणि सामान त्यांच्या अंगावर द्यायचं. मजुरी नाही, भाकरी घरची, शिव्या तेवढ्या वरून. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "वेठ केव्हाच बंद झाली. लोक आपखुशीने येतात." आपखुशीने! भात कापणीला आलेलं सोडून माणूस आपखुशीने दुसऱ्याची खाट डोंगरावर नेतो, असं मानणाऱ्यांच्या अकलेला काय म्हणावं?

पासलीच्या या म्हाताऱ्याच्या अंगावर खाट नव्हती, पत्र्याचा टब होता. पाहुण्या साहेबाला डोंगरावर अंघोळ हवी होती. चौघांनी टब बांबूला बांधून चढवला. टब भरलेला होता, त्यात बाटल्या होत्या, कारण रिकामा टब न्यायचा हे वरच्या डोक्यांना परवडत नाही. चढावर पुढचा गडी घसरला, बांबू सगळ्या भारानिशी म्हाताऱ्याच्या उजव्या खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. ते वाकडंच जुळलं. आमची तक्रार गेली तेव्हा फिरतीच्या अंमलदाराने शेरा मारला, की सदर इसमास बैलाने मारले असावे.

मला तो खांदा हवा होता. उघडा, वाकडा, पत्रकाच्या पहिल्या पानावर छापलेला.

पुण्याच्या एका स्नेह्याने कॅमेरा दिला. तीन पायांचा, पुढे भाता, मागे काळं कापड. बरोबर चार काचा. एका काचेवर एकच फोटो उठतो. एक काच मी उत्रोलीला एका म्हशीवर खर्ची घातली, सराव म्हणून. म्हैस फार सुरेख आली. उरलेल्या तीन काचा, कॅमेरा आणि त्याचं तिकाटणं पाठीला बांधून दोन दिवस चालत पासली गाठली. माझं ओझं मी वाहिलं, हे मुद्दाम सांगतो. आमच्यातले काही पुढारी वेठीविरुद्ध भाषण करायला गावात शिरतात आणि आधी पिशवी दुसऱ्याच्या हातात देतात.

म्हातारा पडवीत बसला होता. साठीपुढचा, काटक. उजवा खांदा खाली उतरलेला आणि मान त्याच अंगाला कललेली, जमिनीतलं काही ऐकत असावा तशी.

"या मास्तर," तो म्हणाला.

"मी मास्तर नाही, बाबा."

"मग कानावर पेन्सिल कशापायी?"

 मी मास्तरच राहिलो.

जबानी त्याने घडाघडा दिली. तारीख सोडून सगळं आठवत होतं. "सायेब त्यात बसायचा म्हनं, म्हशीवानी. आमी वर न्यायचा आन् त्यानं बसायचं. डोंगरात वढं आटलं हुतं व्हय?" आतून त्याची म्हातारी म्हणाली, "आवं, नीट सांगा, त्ये लिवून घ्यायलंय." तो म्हणाला, "नीटच सांगतोय. म्हशीवानीच बसतोय त्यो." मग त्याने अंगठा उठवला, न कचरता. या गावात याआधी कुणी अंगठा दिला नव्हता. मी मनात उड्या मारत होतो.

"आता पैरण काढून बसा, बाबा. फोटो घेतो."

त्याने पैरणीला हात लावला नाही. "फोटू माझा काडनार का खांद्याचा?"

"तुमचाच. पण खांदा दिसेल असा."

तो उठला आणि मला आत घेऊन गेला. देव्हाऱ्यात चांदीचे टाक ओळीने बसवलेले. कुळातला मोठा माणूस गेला की सोनाराकडून पातळ पत्र्यावर त्याचं रूप उठवून घ्यायचं आणि देवांच्या शेजारी बसवायचं, ही इकडची रीत. प्रत्येक टाकावर घोडा, घोड्यावर स्वार, स्वाराच्या हातात तलवार.

"ह्यो माझा आजा," तो म्हणाला. "मिशा बघा."

"झोकदार आहेत."

"आज्याला मिशाच न्हवत्या. आजी सांगायची. घोडा तर आमच्या सात पिढ्यांत कुनाच्या दारात आला न्हाई. सोनाराकडं ठसा एकच, मास्तर. जो जाईल त्यो त्याच ठशातनं निघतो. पोरं इचारत्यात आजा कसा हुता, आन् म्या ह्यो दावतो. तुमच्या त्या डब्यात माझं नाक यील का?"

"नाक येईल. गालावरचा मस येईल. सुरकुत्याही येतील."

"मग त्यो माझा टाक." त्याने हात जोडून देवांना एकदा नमस्कार केला आणि माझ्याकडे वळला. "ह्यातला एक तरी वाकलेला दिसतो का? वाकलेला टाक कुनी बघितलाय?"

म्हातारी मागे येऊन उभी होती. ती कडाडली, "जित्या मानसाचा टाक करत्यात व्हय? अभद्र कुठलं!"

"मेल्यावर ह्यो मास्तर डबा घिऊन येनार हाय का? आत्ता आलाय तर काडून घ्यावा."

मी चिडलो. खरंच चिडलो. मी देव मानत नाही, टाक मानत नाही. दोन दिवस रान तुडवत आलो ते काय कागदाचा देव करून द्यायला? मी त्याला बरंच सुनावलं. तुम्ही ताठ उभे राहिलात तर लोक म्हणतील दुखणंच नाही. तुमच्या एका खांद्याने चार गावांची वेठ सुटेल. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.

"लोकांनी माझ्याकडं बघून रडायचं?" तो म्हणाला. "मी बोलतो की. जिथं सांगाल तिथं बोलतो, अंगठा दिलाय. पर रूप म्हंजे येगळं. माझी नातवंडं त्याला हळदकुंकू लावनार. त्यांनी काय, मोडक्या आज्याच्या पाया पडायचं?"

यावर पत्रकात उत्तर असतं. मी पडवीत जाऊन तिकाटणं उघडायला घेतलं.

लग्नातलं तांबडं पागोटं पेटीतून निघालं, घड्या पडलेलं. धुतलेलं धोतर, पांढरी पैरण. म्हातारीने उपरणं आणून उजव्या खांद्यावर टाकलं, उतार झाकायला. त्याने ते काढलं. "झाकायचं काय हाय? म्या चोरी केलीया का?" मग तो पडवीत उभा राहिला. मी कॅमेरा लावला आणि कापडाखाली डोकं घातलं. म्हातारीला राहवेना. तिला मी कापडाखाली घेतलं आणि ती किंचाळत बाहेर आली: "अगं बया! म्हाताऱ्याला उलटा टांगलाय की ह्यानं! पाय वर, टकुरं खाली!"

"बरं झालं," म्हातारा जागेवरूनच म्हणाला. "तुला मी सरळ कवा दिसलोय?"

शेजारच्या बायाही हसल्या. तोही हसला. आणि मग हसू थांबवून त्याने एक श्वास घेतला आणि खांदा वर उचलला.

फोटोचं एक सांगतो. काच आत सरकवली की कॅमेऱ्यातून काही दिसत नाही. काढणाऱ्याला बाजूला उभं राहून उघड्या डोळ्यांनी समोरच्याकडे बघावं लागतं. मी बघत होतो. दोन वर्षांपूर्वी मोडलेलं हाड तो आपल्या बळाने वर नेत होता आणि मानही त्याच्यासोबत सरळ होत होती. पाठ भिंतीला टेकवली नाही. मी तीन म्हणेपर्यंत हलायचं नाही, असं सांगितलं होतं. एक, दोन, तीन. कानशिलावरून घाम उतरला, पापणी हलली नाही. एखाद्या देवळात मी कधी असा गप्प उभा राहिलो नव्हतो. खात्रीसाठी दुसरी काच घातली. तो पुन्हा तसाच उभा राहिला.

आता जे लिहितो ते लिहायला लाज वाटते. पण दुसऱ्यांच्या चोऱ्या छापणाऱ्याने स्वतःची लपवू नये. दुसरा फोटो होताच म्हातारा खाली बसला, बसला म्हणजे कोसळलाच. पैरण काढली. म्हातारी तेल घेऊन खांदा चोळू लागली. तो पुढे वाकलेला, दात ओठांवर, आणि तो खांदा समोर उघडा. मला हवा तसा, उजेडात. तिसरी काच शिल्लक होती. ती काढून ठेवायची आहे असं दाखवत मी कॅमेरा फिरवला, काच सरकवली आणि फोटो घेतला. त्या दोघांनी वर पाहिलं नाही. चळवळीसाठी, असं मी मनाशी म्हणालो. वेठ घेणाराही काहीतरी म्हणतच असेल.

पुण्याला तिन्ही काचा धुतल्या गेल्या. आमच्यातल्या वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी छाप बघितले आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हा. हाच. हा बघून दगडाला पाझर फुटेल." पहिला त्यांनी बाजूला सारला. "हा कोण, नवरदेवाचा बाप?"

सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं आणि टेबलावरच्या दोन्ही छापांकडे बघितलं. एका छापात एक माणूस मला भेटायला उभा राहिला होता. दुसऱ्यात मी त्याच्या घरात शिरलो होतो. पगडीवाल्यांनी निदान माझ्या वडिलांचा कान तरी ठेवला होता. मी या माणसाचा नुसता खांदा ठेवायला निघालो होतो.

"तो चोरून घेतलेला आहे," मी म्हणालो. "त्याला विचारलेलं नाही."

"मग आता विचारायला कोण जातंय? अरे, पत्रक परवा छापायचंय."

"पत्रक पहिल्या फोटोनिशी छापा. नाहीतर मजकूरही मागे द्या. तो माझा आहे."

खूप बोलाबोली झाली. मला भावनावश म्हणाले, अडाण्यांच्या नादी लागलेला म्हणाले. मी आवाज चढवला, त्यांनीही चढवला. शेवटी मजकूर हवा होता म्हणून पहिला फोटो छापला गेला. त्याच्याखाली मी एवढंच लिहिलं: "पासलीचा शेतकरी. याच्याकडून टब वाहवून घेतला."

पत्रकं घेऊन मी पासलीला गेलो. एक जाड कागदावरचा छाप त्याच्यासाठी घेतला होता. तिसऱ्या फोटोचा छाप मी पुण्यातच फाडला होता; ती काचही बरोबर घेतली आणि त्याच्या हातात देऊन सगळं सांगितलं. काचेवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असतं. ती उजेडाला धरून तो बघत राहिला. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"ह्ये कवा केलं?"

"तेल लावताना."

"हं." त्याने काच म्हातारीकडे दिली. तिने एकदा पाहिलं, चुलीवरचं कढत पाणी घेतलं आणि मूठभर राखेने ती घासली. वाकलेला माणूस दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन निघाला आणि मोरीतून गेला. "काच चांगली हाय," ती मला म्हणाली. "कोनाड्यातल्या दिव्याला वारा लागतोय. ऱ्हाऊ दे हितंच." एवढीच शिक्षा. जेवायला वाढताना भात मात्र दुप्पट वाढला आणि उठू दिलं नाही.

पत्रक आजूबाजूच्या वस्त्यांवर फिरलं. वाचता येणारे थोडे. बाकीच्यांनी फोटो वाचला. आमच्यातला एक माणूस, पागोटं घालून, कागदावर, सरळ! एक जण मला म्हणाला, "ह्यो हुबा ऱ्हायला, मग आमाला काय कंबर न्हाई?" पूर्वी दार लावून घेणाऱ्या घरांतून अंगठे मिळू लागले. रडका फोटो हे करू शकला असता का? पुण्याच्या मंडळींना मी हे अजून विचारतो.

पण त्यांची भीतीही खोटी नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. हिवाळ्यात बैलाचा शेरा मारणारा तोच अंमलदार फिरतीवर आला, नदीकाठच्या मळ्यात तंबू पडला आणि म्हाताऱ्याला बोलावणं आलं. खोटी जबानी दिली म्हणून खटला भरायची धमकी होती. वेठीचं पुढचं बोलावणंही तिथेच निघायचं होतं: मुक्काम हलवायला चार वस्त्यांचे गडी. म्हातारा खोटा ठरला की सगळ्यांचे अंगठे खोटे, आणि सगळ्यांचे खांदे पुन्हा बांबूखाली. म्हणून अंगठे देणारे सगळे आले होते. म्हातारी आली होती. मी म्हाताऱ्याच्या मागे उभा होतो.

अंमलदाराने पत्रक उचलून धरलं. "हा तूच ना?"

"व्हय."

"धट्टाकट्टा दिसतोस की. हा माणूस अधू आहे? तुमच्याच पत्रकात तुमचाच पुरावा!" तो माझ्याकडे बघून हसला. "काय हो चळवळे?"

 पुण्याचे म्हणाले तसंच झालं होतं. आता तिसरी काच असती तर, असं एक क्षण वाटून गेलं, तेही लिहून टाकतो.

म्हातारा घाईत नव्हता. "फोटू घरच्यांसाठी हाय, रावसायेब," तो म्हणाला. "त्यात मी हाय. तुमाला खांदा बघायचाय. बघा की. तुमच्याच कामात मोडलाय, तुमी बघितलाच पायजे." त्याने पैरणीचे बंद सोडायला घेतले आणि मान न वळवता म्हणाला, "मास्तर, तिकडं तोंड करा. समद्यांनी तिकडं तोंड करा. ह्ये तुमच्यासाठी न्हाई."

मी वळलो. सगळे वळले. नदीकडे तोंड करून आम्ही उभे होतो, बायाबापड्यांसकट, आणि अंमलदाराचा शिपाईसुद्धा, कुणी न सांगता. मागे कापड सरकल्याचा आवाज आला.  पलीकडे म्हशी पाण्यात उतरत होत्या. मी त्या मोजायला लागलो आणि मोजणं चुकलं.

"हात लावून बघा," म्हाताऱ्याचा आवाज आला. "लाजू नगा. बैलाचं शिंग असतं तर भोक पडलं असतं. ह्यो बांबूचा हाय. हितनं हितवर."

खुर्ची सरकली, बूट दोन पावलं पुढे वाजले. 

मग अंमलदार म्हणाला, "घाला." आणि पुन्हा म्हणाला, "घाला ती पैरण, बाबा." त्या माणसाच्या तोंडून म्हाताऱ्याला आदरार्थी बोलणं निघालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"वळा आता, मास्तर," म्हातारा म्हणाला. "मान अवघडंल."

खटला झाला नाही. बैलाच्या शेऱ्यावर काट मारली गेली की नाही, मला ठाऊक नाही. ते कागद आमच्या हाती लागत नाहीत. संस्थानातली वेठ गेली असंही मी म्हणणार नाही, अजून पत्रकं लिहावी लागतात. मात्र तिसऱ्या दिवशी मुक्काम हलला तेव्हा तंबू, खाटा आणि पेट्या भाड्याच्या गाड्यांवर चढल्या. चढावर गाड्या अडकल्या, शिपायांनी चाकं ढकलली. बांधाबांधावर माणसं उभी होती. कुणी हसलं नाही, कुणी हात पुढे केला नाही. सगळे हात रिकामे ठेवून, पाठी सरळ करून, शेवटची गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

म्हातारा मात्र बघायला आला नव्हता. खळ्यावर भात पडलं होतं, आणि त्याला त्याचं काम होतं.